स्टीव्ही रे वॉन: फक्त वाजवण्याबद्दल बोलू

अर्धा सूर (धागाकर्ता)

२७ ऑगस्ट आला की अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनच्या नावाने सगळीकडे तोच रतीब सुरू होतो. टोपीवाला फोटो, मेणबत्ती, 'लिजंड', संपलं. १९९० साली याच दिवशी माणूस ३५ व्या वर्षी गेला. पहिला अल्बम 'टेक्सस फ्लड' जून १९८३ चा आणि 'इन स्टेप' १९८९ चा, म्हणजे स्वतःच्या नावावरचं स्टुडिओतलं काम जेमतेम सहा-सात वर्षांचं. तेवढ्यावर गिटारवाले अजून डोकं फोडतायत.

तेव्हा इथे श्रद्धांजली नको. त्याच्या वाजवण्यातली एक गोष्ट घ्या. ती कशी होते आणि करायला गेलं की कुठे अडतं, ते लिहा.

सुरुवात तारांपासून करतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. त्याचा नेहमीचा संच ०.०१३, ०.०१५, ०.०१९, ०.०२८, ०.०३८, ०.०५८ इंच (पहिल्या, सगळ्यात बारीक तारेपासून; ०.०१३ म्हणजे 'तेरा नंबर', ०.०१० म्हणजे 'दहा'). तिसरी तार साधी, बिनवेटोळ्याची. सगळं ट्यूनिंग अर्धा सूर खाली, म्हणजे ई-फ्लॅट. 'अर्धा सूर उतरवल्यावर तेरा नंबर दहासारखी मऊ लागते' हे जे सर्रास ठोकून देतात, ते चूक आहे. ताण हा तारेच्या जाडीच्या वर्गाच्या आणि कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अर्धा सूर उतरवला की ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो, बस. फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर (स्ट्रॅट) गिटारच्या साडेपंचवीस इंची स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीवर, दहा नंबरची पहिली तार पूर्ण सुरात ७.३ किलोच्या आसपास ओढते. तेरा नंबर अर्धा सूर खाली ११ किलो ओढते. दीडपट! पूर्ण सुरातल्या बारा नंबरपेक्षाही किंचित जास्तच.

---

लाकूडतोड्या

चांगला विषय. तारांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्या तारा पेलायला गिटारला काय काय करावं लागतं ते कुणी सांगत नाही. दुकानातून आणलेल्या स्ट्रॅटवर नऊच्या तारा असतात. तिथे थेट तेराचा संच चढवला की चार गोष्टी एकदम बिघडतात.

एक, ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलणारा, तारा धरणारा भाग) पुढे झुकतो. मागच्या झाकणाखाली बहुतेक वेळा तीन स्प्रिंगा असतात. स्टीव्हीच्या गिटारला पाच होत्या. पाची लावा, स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आत घ्या आणि प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करून मगच बघा. ट्यून न करता स्क्रू पिळत बसलात तर कुत्रं शेपूट पकडतंय असं होतं. ताराही सगळ्या एकदम काढू नका. ब्रिजच्या ब्लॉकखाली लाकडाची पाचर द्या आणि एकेक तार बदला.

दोन, मान वाकते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून धरा आणि आठव्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट आहे ते मोजा. ०.२५ ते ०.३० मिलिमीटर ठीक. मोजायला गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात ते फीलर गेज घ्या. हत्यारांच्या कुठल्याही दुकानात मिळतं. ट्रस रॉड (मानेतली तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेरा, मग रात्रभर तसंच ठेवा. लाकूड सावकाश बसतं.

तीन, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा. खाली सविस्तर लिहितो.

चार, इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं. जाड साध्या तारेला सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) जास्त मागे न्यावं लागतं. ०.०१९ च्या तिसऱ्या तारेचं सॅडल चांगलंच मागे जातं. सहाव्याला तर कधी जागाच उरत नाही, तेव्हा सॅडलच्या स्क्रूवरची छोटी स्प्रिंग दोन वेटोळी कापून लावायची.

मुंबई-कोकणातल्या मंडळींसाठी आणखी एक. जून लागला की मान हलते, जाड तारांवर हे लवकर जाणवतं. कुठल्या बाजूला हलली ते गेजने मोजूनच ठरवा, अंदाजाने रॉड पिळू नका.

---

उलटा फटका

तारा, स्प्रिंगा सगळं मान्य. पण राव, नेहमीप्रमाणे गाडी सामानावर गेलीच! त्याच्या आवाजातला मोठा वाटा उजव्या हाताचा आहे. 'प्राइड अँड जॉय' घ्या. बहुतेक जण सोलो शिकतात आणि ताल अंदाजे मारतात. उलटं करा.

ई च्या जागांवरून वाजवायचं (ऐकू ई-फ्लॅट येतं). प्रत्येक मात्रेचे तीन भाग पाडा. पहिल्या भागावर खाली जाणारा फटका, आणि तो फक्त जाड तारेवर, बेस चालवायला. दुसरा भाग रिकामा. तिसऱ्या भागावर वर येणारा फटका, खुल्या बारीक तारांवर. तो फटका वाजला रे वाजला की डाव्या हाताची बोटं तारांवर आडवी टेकवून आवाज बंद करायचा. 'चक्' असा तुटक आवाज आला पाहिजे. हे बंद करणं जमलं नाही तर नुसता लगदा होतो.

चुका ठरलेल्या आहेत. खालच्या फटक्यात सहाच्या सहा तारा घेतल्या जातात, त्यामुळे बेस हरवतो. वेग वाढला की तीन भागांचे दोन होतात आणि झोलच जातो. मनगट आखडतं. मेट्रोनोम ३५ वर लावा, टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा (म्हणजे वेग ७०) आणि दहा मिनिटं सोलोचा विचारही करू नका. मूळ गाणं १२० च्या वर आहे, तिथे जायची घाई नाही.

ज्यांचा कान दादऱ्याला तयार आहे त्यांना तिनाची विभागणी लवकर कळते.

---

खरखर

@उलटा फटका, दादऱ्याचं वजन वेगळं पडतं हो. शफलमध्ये (तू सांगितलास तो तिनाचा ताल) जोर दुसऱ्या-चौथ्यावर, त्याचा ड्रमर ख्रिस लेटन स्नेअर तिथेच मारतो. दादऱ्याच्या सवयीने समेवर आपटायला गेलात तर गाणं लंगडतं. बाकी सगळ्याला +१.

आता त्याचं पेडल, ट्यूब स्क्रीमर. त्याने आयबानेझचे टीएस८०८, टीएस९ आणि टीएस१० तिन्ही वेगवेगळ्या काळात वापरले. लोक काय करतात, ड्राइव्ह (आवाज फाडणारं बटन) पूर्ण उघडतात आणि मग म्हणतात 'मधमाश्यांसारखा आवाज येतोय'. येणारच. त्याचा वापर उलटा होता. ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल जवळपास पूर्ण. पेडलने आवाज फाडायचा नाही, अँपच्या पहिल्या व्हॉल्व्हला जोरात ढकलायचं. वर त्या सर्किटची रचनाच अशी की साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी फाटतो. त्यामुळे बेस पसरत नाही आणि मधला आवाज पुढे येतो. फेंडरच्या अँपमध्ये मधला आवाज मुळात खोल असतो, तो खड्डा हे पेडल भरून काढतं. जोडी जमते ती म्हणून.

८०८ आणि ९ मधल्या फरकावर पानंच्या पानं लिहिली जातात. शेवटच्या टप्प्यातले दोन रेझिस्टर वेगळे आहेत, एवढंच. ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम, ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. सोल्डरिंग येत असेल तर काही रुपयांत नऊचा आठशेआठ होतो. त्यासाठी जुन्या पेडलवर पगार उडवू नका.

अडतं कुठे? तुमचा अँप छोटा ट्रान्झिस्टरवाला असेल तर 'ढकलायला' समोर व्हॉल्व्हच नाही. लेव्हल पूर्ण केली की तो नुसता कडक होऊन फाटतो. त्यावर ड्राइव्ह थोडा वाढवा, लेव्हल अर्ध्यावर ठेवा आणि टोन खाली आणा.

---

नवशिक्या ००७

मस्त धागा! प्रश्न: त्याचा आवाज इतका भरलेला येतो म्हणजे डिस्टॉर्शन भरपूर असणार ना?

---

खरखर

नाही, इथेच सगळे फसतात. 'टेक्सस फ्लड' हेडफोनवर नीट ऐका, लोकांना वाटतं त्याच्या निम्मंही फाटलेलं नाही. अँप प्रचंड जोरात लावलेले असायचे: फेंडर व्हायब्रोव्हर्ब, १५ इंची एकच स्पीकर असलेला, सुपर रिव्हर्ब, १० इंची चार स्पीकर, पुढे डंबल. एका वेळी दोन-तीन अँप एकत्र चालायचे. मोठा स्वच्छ अँप पूर्ण ताकदीवर असला की जोरात मारलं तर फाटतो, हळू मारलं तर साफ वाजतो. ती सूट घरच्या आवाजात मिळत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाच वॅटचा छोटा व्हॉल्व्ह अँप किंवा मॉडेलर (अँपची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या. गेन हवासा वाटेल त्याहून दोन आकडे खाली ठेवा आणि उरलेलं हाताने भरा.

'कोल्ड शॉट'मधला गरगरणारा आवाज मात्र पेडलचा नाही. फेंडरचं व्हायब्राटोन नावाचं कॅबिनेट होतं, आत १० इंची स्पीकर आणि त्यासमोर फिरणारा फोमचा ड्रम. त्यात सूरही हलतो आणि आवाजाची पातळीही. कोरस पेडलने नुसता सूर हलतो, म्हणून ते पाणचट वाटतं.

---

उलटा फटका

'हाताने भरा' म्हणजे काय ते फोड करून सांगतो. १९८३ चा टोरोंटोतल्या एल मोकांबोचा व्हिडिओ लावा आणि फक्त उजवं कोपर बघा. एक सूर वाजवायलाही तो अख्खा हात फिरवतो, पिक तीन-चार तारांवरून घसरत जातं. तरी वाजतो एकच सूर. कारण बाकीच्या तारा आधीच मुक्या केलेल्या असतात. डाव्या हाताचा अंगठा मानेवरून पुढे येऊन सहावी तार दाबून ठेवतो. वाजवणाऱ्या बोटाचं टोक वरच्या शेजारच्या तारेला टेकलेलं असतं, त्याच बोटाचा सपाट भाग खालच्या तारांवर पडलेला असतो. त्या मुक्या तारांचा 'खर्र' आणि मग सूर.

सरावाची रीत: तिसऱ्या तारेवर कुठलाही एक सूर धरा आणि सहाही तारांवरून बिनधास्त फटका मारा. दुसरा कुठलाही सूर ऐकू आला की थांबा, कुठली तार सुटली ते शोधा. बहुतेकांची पहिली तार सुटते.

पिकच्या टोकाऐवजी तो गोल, जाडा कोपरा वापरायचा. आवाज रुंद होतो. पण 'स्कटल बटन'सारख्या पळत्या तुकड्यात गोल कोपरा तारेत अडकतो. पिक जरा तिरपं धरलं की अडकणं कमी होतं.

---

जुनी कॅसेट

थोडा इतिहासही येऊ द्या, कारण आवाजाचा त्याच्याशी संबंध आहे.

जुलै १९८२, माँट्रो जाझ फेस्टिव्हल. त्याच्या बँडकडे, डबल ट्रबलकडे, तेव्हा रेकॉर्ड करारही नव्हता. प्रेक्षकांतून हुर्यो झाली, ती ध्वनिमुद्रणात स्वच्छ ऐकू येते. पण तिथेच गायक डेव्हिड बोवीने त्याला ऐकलं आणि 'लेट्स डान्स' या आपल्या अल्बमसाठी बोलावलं. गायक जॅक्सन ब्राउनने लॉस एंजेलिसमधला स्वतःचा स्टुडिओ तीन दिवस फुकट दिला. तिथे डेमो म्हणून वाजवलेल्या गाण्यांचाच 'टेक्सस फ्लड' झाला. गिटार, बेस, ड्रम एकत्र, स्टेजवर वाजवतात तसं. त्या अल्बममध्ये वर-वर चढवलेले थर का सापडत नाहीत, त्याचं उत्तर हे. तालाची गिटार आणि सोलोची गिटार एकच आहे. म्हणून कव्हर करणाऱ्या बँडमध्ये दोन गिटारी असल्या की ते गाणं हमखास गढूळ होतं. एकाने चक्क गप्प बसावं.

बोवीच्या दौऱ्यावर तो गेला नाही. पैशाच्या आणि अटींच्या वादातून ऐनवेळी बाहेर पडला. माझ्या मते आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय.

---

टोपी आणि पीस

पण शेवटी दारू-ड्रग्सनेच घात केला ना? तसंच वाचलंय कुठेतरी.

---

जुनी कॅसेट

चूक, आणि दर वर्षी खोडावं लागतं. सप्टेंबर १९८६ मध्ये जर्मनीत दौऱ्यावर असताना तो कोसळला. लंडनमध्ये आणि मग अटलांटात उपचार घेतले. त्यानंतर मरेपर्यंत, जवळजवळ चार वर्षं, दारू आणि ड्रग्सपासून पूर्ण लांब होता. 'इन स्टेप' या नावात व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा उल्लेख आहे.

२६ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमधल्या अल्पाइन व्हॅलीत एरिक क्लॅप्टनचा कार्यक्रम होता. शेवटी क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे, थोरला भाऊ जिमी वॉन आणि स्टीव्ही असे सगळे एकत्र वाजवले. मध्यरात्रीनंतर हेलिकॉप्टर निघालं. धुकं होतं, अंधार होता, समोर स्कीइंगची टेकडी. पुरेशी उंची न घेता ते टेकडीच्या उतारावर आदळलं. वैमानिक, क्लॅप्टनच्या चमूतले तिघे आणि स्टीव्ही असे पाचही जण गेले. चौकशीत ठपका आला तो वैमानिकाच्या नियोजनावर आणि उंची न घेण्यावर. अंधार आणि धुकं ही जोडीची कारणं. अवशेष सापडले ते सकाळी.

त्या रात्री स्टेजवर असलेला बडी गाय २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज फेस्टिव्हलला वाजवून गेला. इथल्या बऱ्याच मंडळींना त्या पिढीचा फटका समोरून ऐकायला मिळाला तो तिथे.

आणि वाजवण्याचंच म्हणाल तर शुद्धीतला स्टीव्ही जास्त चांगला आहे. 'ऑस्टिन सिटी लिमिट्स' या टीव्ही मालिकेतले त्याचे १९८३ आणि १९८९ चे कार्यक्रम लागोपाठ ऐका. ८३ मध्ये आग आहे, पण सूर ओढताना कधी पुढे जातो, जागा सोडत नाही. ८९ मध्ये ओढलेला सूर नेमका बसतो आणि दोन ओळींमध्ये तो थांबतो. 'रिव्हिएरा पॅराडाइज' तर जवळपास नऊ मिनिटांचं, टेप संपत आलेली असताना एका दमात झालेलं.

---

अर्धा सूर

८३ विरुद्ध ८९ वर असहमत, पण तो वाद वेगळ्या धाग्यावर. आग ती आग.

सूर ओढण्यावरून: एवढ्या जाड तारा तो दीड-दोन सूर ओढतो कसा? एकट्या बोटाने नाहीच. ज्या बोटाने सूर धरलाय त्याच्या मागे बाकीची दोन बोटं त्याच तारेवर, अंगठा मानेवर अडकवलेला, आणि जोर मनगट फिरवून, कुलपात किल्ली फिरवतात तसा. नुसत्या बोटाच्या पेराने ओढलं की दोन आठवड्यांत सांधा धरतो.

---

लाकूडतोड्या

आणि फ्रेट! त्याच्या मुख्य गिटारला, 'नंबर वन'ला, डनलॉप ६१०० जातीच्या जाड-उंच फ्रेट होत्या: सुमारे २.८ मिलिमीटर रुंद, १.४ मिलिमीटर उंच. उंच फ्रेटवर बोट लाकडाला घासत नाही, त्यामुळे तारेखाली शिरून ओढता येतं. त्या गिटारची बॉडी १९६३ ची, मान १९६२ ची, रोझवूडचा पातळ थर असलेली. त्या काळातला फ्रेटबोर्ड सव्वासात इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगला गोल. गोल बोर्डावर पहिली-दुसरी तार ओढली की वरच्या फ्रेटला टेकून सूर मध्येच मरतो. त्याच्या गिटारीवर फ्रेट इतक्या वेळा बदलल्या की घासून घासून बोर्ड सपाट होत गेला. फेंडरने १९९२ मध्ये काढलेल्या त्याच्या नावाच्या मॉडेलवर बोर्ड १२ इंची आहे, उगीच नाही. तुमच्याकडे जुन्या धाटणीची सव्वासात इंची मान असेल तर बारीक तारांची उंची बाराव्या फ्रेटवर २ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

ट्रेमोलो डावखुऱ्यांचा, दांडी वरच्या बाजूला. ते डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सवरचं प्रेम. नक्कल म्हणून लावायचा असेल तर बॉडी कोरावी लागते. नका करू.

तारा तुटण्यावर त्याचा तंत्रज्ञ रेने मार्टिनेझ एक युक्ती करायचा, ती मात्र जरूर करा. बारीक वायरचं प्लास्टिकचं आवरण पोकळ काढून घ्यायचं. सहा-सात मिलिमीटरचा तुकडा तारेत ओवायचा, तार जिथे सॅडलवर वाकते तिथे तो बसला पाहिजे. त्याआधी सॅडलची धार ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडून घ्या. तुकडा सॅडलच्या पुढे, मानेच्या बाजूला आला तर तार बोथट वाजते. मागे सरकवा.

---

नवशिक्या ००७

बोटांना सुपरग्लू लावायचा ते खरं का? लावू का? माझी कातडी सोलवटलीय.

---

अर्धा सूर

खरं आहे आणि लावू नकोस. बोटं सोलवटलेली असताना कार्यक्रम उरकायची ती त्याची तडजोड होती. तुला कुठला दौरा आहे? बारीक तारांवर ये. बोटं दुखायला लागली तेव्हा पुढे पुढे तो स्वतःही पहिली तार बारा किंवा अकराची लावायचा. तू दहाच्या संचावर ई-फ्लॅटला ये, शफल बसव, तीन-चार महिन्यांनी अकरा बघ. तेराचा हट्ट कशाला?

---

नवशिक्या ००७

ओके दादा. अकरा लावताना नट बदलावा लागेल? ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येतो आणि तार एकदम वर उडी मारते.

---

लाकूडतोड्या

नटचं लिहायचं राहिलंच होतं. 'टिंग' म्हणजे तार खाचेत अडकतेय. बदलू नकोस, आधी खाचेत शिसपेन्सिलीची पूड भर. अर्ध्या केसेस तिथेच मिटतात. तरी अडकली तर खाच रुंद करायची, खोल नाही. नटच्या खास फाइली नसतील तर जुन्या तारेच्या तुकड्याभोवती ८०० चा पॉलिश पेपर गुंडाळ आणि खाचेच्या फक्त भिंती घास. हेडस्टॉककडे किंचित उतार ठेव, म्हणजे तार मानेकडच्या कडेवर टेकते. मागे टेकली तर खुली तार झणझणते. दहा-बारा हात मारले की तार बसवून बघ. खाच खोल गेली तर नट गेलाच समज. वेटोळ्याच्या जाड तीन तारांपासून सुरुवात कर, अडकतात त्याच. बारीक तिघींना बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही.